लाइट रेलने डाउनटाउन सावरतं का? शार्लट, बफेलो, पोर्टलंड आणि सेंट पॉलकडे पाहून

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेत लाइट रेल आली आणि ओस पडलेली डाउनटाउनं, म्हणजे शहरांचे मध्यवर्ती भाग, पुन्हा गजबजली असं वाचतो. हे खरंच रेल्वेमुळे झालं का? आणि स्टेशनभोवतीच्या वस्तीचं नियोजन कधी नि कसं करतात?"

मी बावीस वर्षं अमेरिकेत नगररचनेच्या कामात आहे आणि त्यातली निम्मी तरी स्टेशन परिसराचे आराखडे करण्यात गेली. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडीने डाउनटाउन सावरत नाही. गाडी येणार म्हणून शहर आपल्या जमिनीबद्दल जे निर्णय घेतं, त्यांनी सावरतं. ते निर्णय रूळ पडण्याआधी झाले असतील तर पाचदहा वर्षांत फरक दिसतो. झाले नसतील तर तीच गाडी मोकळ्या पार्किंगच्या मैदानांमधून घंटा वाजवत जात राहते.

लाइट रेल म्हणजे ट्राम आणि मेट्रो यांच्या मधली गोष्ट. दोनतीन डबे, डोक्यावर विजेची तार, गावात रस्त्यावरून संथ आणि गावाबाहेर स्वतःच्या रुळावरून वेगात. मुंबईत शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली, त्यामुळे ट्राम म्हटलं की आपल्याकडे आठवणींचा विषय निघतो. अमेरिकेत मात्र हे वाहन १९८० च्या दशकात नव्याने आलं, आणि बहुतेक ठिकाणी प्रवाशांच्या सोयीइतकीच शहराचा गाभा वाचवण्याची आशा त्यामागे होती. युद्धानंतर लोक उपनगरांत गेले, त्यांच्यामागे दुकानं गेली, हमरस्त्यांसाठी जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. डाउनटाउनमध्ये उरली कचेऱ्यांची उंच घरं आणि पाच वाजल्यानंतरचा शुकशुकाट.

मी नेहमी शार्लटपासून सुरुवात करतो, कारण तिथे एकाच मार्गावर जमलेलं आणि न जमलेलं असं दोन्ही बघायला मिळतं. नॉर्थ कॅरोलिनामधलं हे बँकांचं शहर. तिथले लोक डाउनटाउनला 'अपटाउन' म्हणतात, नव्या माणसाने गोंधळायचं. अपटाउनच्या दक्षिणेला साउथ एंड. मालगाडीच्या रुळाला चिकटून कापडगिरण्या आणि गोदामं असलेला हा भाग. लालबाग-परळ पाहिलेल्याला त्याचं चित्र काढून द्यायला नको. गिरण्या बंद पडल्या आणि रूळही गंजत पडले. १९९६ मध्ये काही हौशी मंडळींनी एक जुनी ट्राम दुरुस्त करून त्याच रुळांवर चालवायला घेतली. शहरातली ट्राम १९३८ मध्ये बंद झाली होती. या हौसेच्या गाडीने प्रवासी असे किती वाहिले असतील! पण लोक या भागात यायला लागले, एकदोन गिरण्यांत दुकानं-हॉटेलं उघडली आणि पडीक पट्टा म्हणून ज्याकडे पाहिलं जायचं त्याचं लोकांच्या मनातलं चित्र बदललं.

१९९८ मध्ये तिथल्या मतदारांनी वाहतुकीसाठी अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला. त्याच वर्षीच्या आराखड्यात वाहतूक आणि जमीनवापर हे दोन विषय एकाच दस्तऐवजात मांडले होते. ऐकायला साधं वाटतं. पण रेल्वे एका खात्याची, झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय नि कसं बांधायचं याचे नियम) दुसऱ्याचं आणि फुटपाथ तिसऱ्याचे, अशा व्यवस्थेत काम केलेल्या माणसाला विचारा की तीन साहेबांच्या सह्या एका कागदावर आणायला किती वर्षं लागतात. पुढे २००३ च्या सुमारास स्टेशनभोवती वेगळं झोनिंग आलं. इमारत फुटपाथला भिडून उभी करायची, पार्किंग पुढे ठेवायचं नाही, मोटारीत बसून बर्गर घ्यायची खिडकी चालणार नाही. २४ नोव्हेंबर २००७ रोजी ब्लू लाइन सुरू झाली, साधारण साडेपंधरा किलोमीटर आणि १५ स्टेशनं. म्हणजे नियम गाडीच्या चार वर्षं आधी तयार होते. गंमत अशी की गाडी सुटायच्या अठरा दिवस आधी तो कर रद्द करावा म्हणून पुन्हा मतदान झालं होतं. सत्तर टक्के लोकांनी कर ठेवला. पहिल्या वर्षाचा अंदाज रोज ९,१०० प्रवाशांचा होता. काही महिन्यांतच आकडा बारा हजारांच्या पुढे गेला.

आता ब्लू लाइनने प्रवास करा. साउथ एंडमध्ये ब्लँड स्ट्रीटला उतरलात तर रुळाच्या कडेने चालायचा रस्ता आहे, त्याला रेल ट्रेल म्हणतात. इमारतींची दारं, कॅफेंच्या खुर्च्या, कुत्री फिरवणारी माणसं, सगळी रुळाकडे तोंड करून. पूर्वी याच रुळाकडे गोदामांची पाठ होती. मग पुन्हा गाडीत बसा आणि दक्षिणेला आर्चडेल किंवा ॲरोवूडला उतरा. गाडी तीच, तिकीट तेच, फेऱ्याही तेवढ्याच. पण तिथे रुंद रस्ता, मोटारींची शोरूम, मोठमोठे प्लॉट, शेजारून जाणारा मालगाडीचा रूळ. पलीकडे जायला लांबचा वळसा. साउथ एंडमध्ये क्रेनची रांग लागली होती तेव्हा इथे वर्षानुवर्षं फारसं काही हललं नाही.

फरक कशाने पडला? साउथ एंडला जुन्या शहराचे लहान लहान चौक वारशाने मिळाले होते, अपटाउन पायी जाण्याच्या अंतरावर होतं, आणि महापालिकेने फुटपाथ, क्रॉसिंग, दिवे यांवर वेगळा पैसा खर्च केला. दक्षिणेकडे जमीन होती, पण चालण्याजोगं गाव नव्हतं. चालण्याजोगं गाव आधीपासून असेल तर लाइट रेल तिथली चालण्याची गोडी वाढवते. मुळात नसलेलं गाव एकटीच्या बळावर उभं करणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी नगरसेवक नाराज होतो, कारण त्याचं स्टेशन सहसा शेवटून दुसरं असतं.

साउथ एंडचं कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. पहिल्या लाटेतल्या बऱ्याच इमारती एकाच साच्यातल्या आहेत, मध्ये पार्किंगचा मनोरा आणि त्याला गुंडाळून चारपाच मजली घरं. आम्ही त्यांना डोनट म्हणतो. रेल्वेच्या दारात घर घ्यायचं आणि प्रत्येक घरामागे मोटारीची जागा ठेवायची, हा विनोदच. भाडीही अशी वाढली की गिरणीच्या काळातला कामगार तिथे आज राहूच शकत नाही. २०१९ मध्ये शहराने स्टेशन परिसराचे नियम पुन्हा लिहिले, किमान पार्किंगची सक्ती जवळपास काढली आणि जास्त उंची हवी असेल तर परवडणाऱ्या घरांना हातभार लावा अशी अट घातली. बरं केलं. पण तोवर मोक्याचे प्लॉट संपत आले होते.

आता उलटं उदाहरण. न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. १९५० मध्ये तिथे ५ लाख ८० हजार लोक होते; २०१० मध्ये २ लाख ६१ हजार. पोलाद आणि बंदराचं शहर, दोन्ही धंदे गेले. १९८४-८५ मध्ये तिथे लाइट रेल सुरू झाली, जेमतेम दहा किलोमीटरची. रचना उफराटी होती: दाट डाउनटाउनमध्ये गाडी रस्त्यावरून, आणि बाहेरच्या वस्तीत बोगद्यातून. डाउनटाउनमधल्या पट्ट्यात प्रवास फुकट ठेवला आणि मेन स्ट्रीट मोटारींना बंद करून पादचाऱ्यांना दिला. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात कित्येक वर्षं रस्ता खणलेला राहिला, त्यात दुकानदार मेटाकुटीला आले, आणि रस्ता मोकळा झाला तेव्हा त्यावर चालायला माणसं नव्हती. मार्ग विद्यापीठाच्या जुन्या आवारापाशी थांबला. उपनगरातल्या नव्या, मोठ्या आवारापर्यंत पोचलाच नाही. आजूबाजूला मोटारी लावायला जागा इतकी मुबलक की गाडीत बसायचं कारणच उरत नव्हतं. शेवटी मेन स्ट्रीटवर मोटारी टप्प्याटप्प्याने परत आणाव्या लागल्या.

बफेलोला हसणं सोपं आहे. पण घटत्या लोकसंख्येच्या शहरात कुठलीही गाडी माणसं निर्माण करत नाही, हे तिथल्या अभियंत्यांनाही कळत असणार. मला खटकतं ते वेगळंच. जमिनीचे नियम मोटारीच्या जमान्यातलेच राहिले. प्रत्येक नव्या इमारतीने इतक्या इतक्या पार्किंग जागा द्यायच्या ही अट बफेलोने संपूर्ण शहरातून काढली ती २०१७ मध्ये, मोठ्या अमेरिकी शहरांत बहुधा सगळ्यांच्या आधी. धाडसी निर्णय, यात शंका नाही. फक्त गाडी येऊन तीस वर्षं झाली होती.

पार्किंगचा विषय निघालाच आहे तर पोर्टलंडला जाऊ. ओरेगॉनमधल्या या शहराचं नाव लाइट रेलच्या प्रत्येक चर्चेत येतं आणि लोक सांगतात ते १९८६ पासून, म्हणजे पहिली गाडी सुटली तेव्हापासून. खरी गोष्ट चौदा वर्षं आधीची. १९७२ मध्ये डाउनटाउनचा आराखडा झाला. १९७४ मध्ये माउंट हूड फ्रीवे हा मंजूर हमरस्ता शहराने रद्द केला आणि त्याचे केंद्राचे पैसे सार्वजनिक वाहतुकीकडे वळवले. १९७५ मध्ये डाउनटाउनमधल्या पार्किंग जागांच्या संख्येवर कमाल मर्यादा आली. नदीकाठचा वेगवान रस्ता उखडून तिथे बाग केली. अगदी मध्यावर एका दुकानाचं पार्किंग होतं, त्या जागी १९८४ मध्ये पायोनियर कोर्टहाउस चौक झाला. त्यासाठी हजारो नागरिकांनी विटा विकत घेतल्या आणि त्यांवर आपली नावं कोरून घेतली. दोन वर्षांनी गाडी आली ती या चौकाच्या कडेला थांबायला. पाहुणा येण्याआधी घर झाडून ठेवावं, तसं.

त्याच शहरातल्या पर्ल डिस्ट्रिक्टचा एक करार मला फार आवडतो. तिथे धावते ती स्ट्रीटकार, म्हणजे लाइट रेलची धाकटी बहीण, २००१ ची. रेल्वे यार्डाची मोठी जमीन एका विकासकाकडे होती. महापालिका आणि तो, दोघांनी पायऱ्या ठरवून घेतल्या. सुरुवातीला एकरी किमान १५ घरं. महापालिकेने जागा अडवणारा लव्हजॉय उड्डाणमार्ग पाडला की किमान ८७. स्ट्रीटकार बांधायला घेतली की १०९. पहिलं उद्यान झालं की १३१. 'किमान' हा शब्द पुन्हा वाचा. आपल्याकडे एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा, म्हटलं की कमाल किती मिळेल यावर भांडण असतं. इथे विकासकाला सांगितलं जात होतं की यापेक्षा कमी बांधायचं नाही, आणि महापालिकाही स्वतःला बांधून घेत होती. एवढा सार्वजनिक पैसा ओतून शेजारी एकमजली गोदामच राहिलं तर तो पैसा वाया, हे दोघांनी कबूल केलेलं.

एवढं सगळं इमारतींबद्दल झालं. स्टेशनभोवतीच्या वस्तीचं नियोजन म्हटलं की आधीपासून राहणाऱ्या माणसांचं काय, हा प्रश्न येतोच, आणि तो समजून घ्यायला सेंट पॉलइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

मिनेसोटातली मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं. त्यांची दोन डाउनटाउनं जोडणारी ग्रीन लाइन १४ जून २०१४ रोजी सुरू झाली, सुमारे अठरा किलोमीटर, मुख्यतः युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरून. या रस्त्याच्या पूर्व भागात आफ्रिकन-अमेरिकन आणि आग्नेय आशियातून आलेल्या लोकांची वस्ती. जवळच रॉन्डो ही काळ्या लोकांची नांदती वस्ती होती. १९५० आणि ६० च्या दशकांत आय-९४ हा हमरस्ता तिच्या मधोमध घातला गेला. त्यामुळे "तुमच्या भल्यासाठी प्रकल्प आणतोय" हे वाक्य तिथे कुणी ऐकून घेणार नव्हतं.

मूळ आराखड्यात या गरीब भागात स्टेशनं एकेका मैलावर होती, श्रीमंत भागापेक्षा विरळ. कारण तांत्रिक होतं. केंद्राचा निधी मिळवण्यासाठी खर्चाला वाचलेल्या वेळाने भागणारं एक सूत्र होतं. थांबा वाढवला की खर्च वाढतो, वेळही वाढतो आणि प्रकल्प निधीच्या उंबरठ्याखाली घसरतो. म्हणजे ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांच्या दारावरून गाडी न थांबता जाणार, आणि सूत्र म्हणणार की हेच कार्यक्षम. वस्तीतल्या संस्थांनी एकत्र येऊन तीन जादा स्टेशनं मागितली: हॅमलिन, व्हिक्टोरिया, वेस्टर्न. वर्षानुवर्षं बैठका, पत्रं, वॉशिंग्टनच्या खेपा. जानेवारी २०१० मध्ये केंद्राने ते सूत्रच सैल केलं आणि तिन्ही स्टेशनं आराखड्यात आली. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते विचारतात, आराखडाकारांनी काय केलं? बरेच जण सूत्र बरोबर चालवत होते. मीही तिथे असतो तर कदाचित तेच केलं असतं.

दुसरी काळजी दुकानांची. बांधकामात रस्ता खणला जाणार आणि नंतर रस्त्यावरच्या बहुतेक पार्किंग जागा कायमच्या जाणार. छोट्या दुकानदारांना वीस हजार डॉलरपर्यंतची कर्जं दिली गेली. दुकान तिथेच चालू ठेवलं तर ती माफ होत. त्याशिवाय मागच्या गल्लीतल्या पार्किंग जागा शेजारच्या दुकानांनी वाटून घ्यायच्या, अंगण सुधारायचं, पाट्या नीट लावायच्या, हिशेब लिहायला शिकवायचं, अशी बारीक कामं. काही दुकानं तरीही बंद पडली. पण वेस्टर्न स्टेशनजवळच्या ह्मोंग आणि व्हिएतनामी दुकानदारांनी आपल्या पट्ट्याला 'लिटल मेकाँग' असं नाव दिलं, रात्रबाजार भरवला. मागणी करून मिळवलेलं स्टेशन त्यांच्याच दारात होतं.

आता कामाची पद्धत. स्टेशनभोवती चारशे मीटर म्हणजे पाच मिनिटांची चाल आणि आठशे मीटर म्हणजे दहा मिनिटांची, अशी दोन वर्तुळं काढून आम्ही सुरुवात करतो, आणि पहिल्याच दिवशी ती वर्तुळं खोटी ठरतात. माणूस कावळ्यासारखा उडत नाही. म्हणून मी आधी पायी फिरतो, एकदा सकाळी आणि एकदा अंधार पडल्यावर. मग मालमत्ता कराच्या नोंदी काढतो. ज्या प्लॉटवर इमारतीची किंमत जमिनीपेक्षा कमी आहे, तो प्लॉट लवकर हलणार. जिथे उलट आहे तिथे पन्नास वर्षं काही होणार नाही. हा ढोबळ ठोकताळा आहे, पण त्या नकाशावर एक नजर टाकली की आराखड्यातली कुठली रंगीत चित्रं निव्वळ स्वप्नं आहेत ते कळतं. त्यानंतर भाडेकरू कुठे आहेत ते बघायचं, कारण जमिनीचा भाव गाडी आल्यावर वाढत नाही, घोषणेनंतरच वाढतो. परवडणारी घरं हवी असतील तर जमीन त्याआधी सार्वजनिक हातात यायला हवी. डेन्व्हरने २०१० मध्ये नेमका यासाठी निधी उभारला, स्टेशनांजवळच्या जागा स्वस्त घरांसाठी आधीच घेऊन ठेवायला.

फेऱ्यांबद्दल एकच सांगतो: पंधरा मिनिटांहून जास्त वाट पाहावी लागत असेल तर वरचं सगळं विसरा. आणि करोनानंतर कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या झाल्यावर, फक्त कचेऱ्यांसाठी आखलेले मार्ग सर्वांत जास्त मार खातात. विद्यापीठ, रुग्णालय, क्रीडांगण, बाजार आणि घरं यांना जोडणारा मार्ग दिवसभर भरतो.

पुण्या-नागपुरातले मित्र विचारतात की हे आपल्याला लागू पडतं का. तिथे मेट्रोपासून पाचशे मीटरपर्यंत चारपर्यंत एफएसआय देण्याचं धोरण आहे. अमेरिकेत माझी अडचण दाटी आणण्याची असते. आपल्याकडे दाटी आधीपासून आहे आणि स्टेशनाच्या जिन्याखाली उतरल्यावर फुटपाथ नाही. जादा एफएसआयसोबत ड्रेनेज, पाणी आणि चालायला सलग रस्ता आला नाही तर काय होईल, हे त्यांना मी सांगायला नको.

शेवटी माझ्या एका कामाचं सांगतो. शहराचं नाव घेत नाही. नव्या स्टेशनपासून वृद्धांच्या वसाहतीचं दार नकाशावर नव्वद मीटरवर होतं. मध्ये वसाहतीची कंपाउंडची भिंत. ती टाळून जायचं तर हमरस्त्याच्या कडेने जवळपास एक किलोमीटर. आराखड्यात आम्ही त्या भिंतीत एक फाटक दाखवलं, छोटंसं, दीड मीटरचं. खर्च स्टेशनच्या एका बाकाइतका. सगळ्यांना मान्य. तरी ते फाटक व्हायला चार वर्षं लागली. गाडी सुरू झाली, फीत कापली गेली, आणि आजीआजोबा हमरस्त्याच्या कडेने काठी टेकत येत राहिले. अडलं होतं एवढ्यावरच की रात्री त्याला कुलूप कोण लावणार. रेल्वेवाले म्हणत, भिंत वसाहतीची. वसाहत म्हणे, वर्दळ रेल्वेची. महापालिका म्हणे, तो रस्ता आमच्या नोंदीतच नाही. अखेर वसाहतीतल्याच एका निवृत्त पोस्टमनने लेखी दिलं की किल्ली मी ठेवतो.